दुसऱ्या वाचकांकडून नवीन पुस्तकं कशी मिळवायची, देवघेवीच्या काउंटरवरून सांगते

ऐरोलीच्या एका ताईंचा मेसेज आला, तो आधी थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वय ३४, आयटीत नोकरी, कॉलेजला असताना हातात पुस्तक नाही असा दिवस जायचा नाही, मग नोकरी, लग्न, मूल यात दहाएक वर्षं गेली आणि आता परत वाचायचंय. रील्समध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅपवर 'आयुष्यात एकदा तरी वाचाच' अशा याद्या फिरत असतात, त्यातली ६ पुस्तकं मागवली, एक वाचून झालं, पाच उशाशी पडून आहेत आणि आता त्यांना वाटायला लागलंय की आपल्यातला वाचकच संपला. प्रश्न असा की इतर वाचकांच्या सांगण्यावरून नवीन पुस्तकं शोधायची तर कशी, आणि कुणाचं ऐकायचं?

ताई, वाचक संपलेला नाही हो. मी ठाण्यात नौपाड्यातल्या एका छोट्या वाचनालयात देवघेवीला बसते, २६ वर्षं झाली, आणि पुस्तकं अर्धवट ठेवून परत करणारे इतके सभासद पाहिलेत की आता त्यात मला काही वाईट वाटेनासं झालंय. तुमचं जे झालं ते यादीमुळे झालं. यादीच्या मागे माणूस नसतो. असला तरी तो तुम्हाला ओळखत नाही आणि तुम्ही त्याला. त्याने ती पुस्तकं वाचलीत की दुसऱ्या यादीवरून उतरवलीत हेही कळत नाही, आणि बऱ्याच याद्या एकमेकींवरून उतरवलेल्याच असतात, कारण तीच दहा-बारा नावं, तोच क्रम, कधीकधी लेखकाच्या नावातली चूकसुद्धा तीच.

काउंटरवर येऊन लोक म्हणतात, "मॅडम, एखादं चांगलं पुस्तक द्या ना." यावर मी कधीच लगेच उठून कपाटाकडे जात नाही. दोन गोष्टी विचारते. अलीकडे कुठलं पुस्तक झोप टाकून वाचलंत, आणि कुठलं अर्ध्यात सोडलंत? पहिल्याचं उत्तर लोक पटकन देतात पण त्यात थोडी लाज, थोडी प्रतिष्ठा मिसळलेली असते, मोठ्या लेखकाचं नाव घ्यावंसं वाटतं माणसाला, ते स्वाभाविक आहे. दुसऱ्याचं उत्तर मात्र एकदम खरं येतं. "ते ना, सुरुवातीलाच सगळ्या घराण्याची नावं, कोण कुणाचा चुलत तेच कळेना, ठेवून दिलं." बस्स, मला पुढचं पुस्तक निम्मं सापडलेलं असतं. तुम्हीही कुणाकडून शिफारस घ्याल तेव्हा आवडलेल्या ३ पुस्तकांबरोबर सोडलेली २ सांगा, आणि का सोडली तेही एका वाक्यात सांगा. आणि समोरच्यालाही त्याची सोडलेली विचारा.

कारण काय होतं, एकच पुस्तक तिघांना आवडतं आणि तिघांची कारणं वेगळी असतात. माझ्याकडचं नेहमीचं उदाहरण सांगते. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', १९५५ सालची, एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो ती. एका काकांना ती आवडली कारण त्यांचं मूळ गाव माणदेशातलं, तो दुष्काळ त्यांनी लहानपणी पाहिलेला. एका बाईंना आवडली कारण त्यांचे वडील खेड्यात शाळामास्तर होते. आणि एका कॉलेजच्या मुलाला आवडली कारण वाक्यं छोटी छोटी आहेत, उगाच सजावट नाही, तो म्हणाला यात लेखक मधेमधे येत नाही. आता यातल्या काकांना मी गावाकडच्या कादंबऱ्यांच्या कपाटापाशी नेलं, बाईंना शिक्षकांच्या आत्मकथनांकडे, आणि त्या मुलाला लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ही आत्मकथा दिली, जिचा 'बनगरवाडी'शी काही संबंध नाही पण बाई इतकं सरळ बोलल्यासारखं लिहितात की त्याला तेच हवं होतं. त्याने आठवडाभरात परत आणली आणि मला म्हणाला की आजीला पण वाचून दाखवतोय, अजून आठ दिवस ठेवू का. तर "'बनगरवाडी' आवडली का, मग हे वाच" असं कुणी सरसकट सांगत असेल तर त्याला अर्धीच गोष्ट माहितीये. का आवडली हे विचारल्याशिवाय पुढचं पुस्तक सांगता येत नाही.

माझ्या हातून एकदा चूक झाली तीही सांगते, कारण ती मी कधी विसरले नाही. एक ताई नवीन सभासद झाल्या होत्या, म्हणाल्या मन रमेल असं काहीतरी द्या. मी माझं अतिशय लाडकं एक आत्मकथन दिलं, ते मी तोपर्यंत कितीतरी जणांना दिलं होतं आणि सगळे खूश होऊन परत आले होते. त्या दोन दिवसांत पुस्तक ठेवून गेल्या, काही बोलल्या नाहीत. पुढे दीड-दोन महिन्यांनी स्वतःच म्हणाल्या की त्यात आईच्या आजारपणाचं जे लांबलचक प्रकरण आहे ना, माझी आई तेव्हा जाऊन महिना झाला होता. मला त्या प्रकरणाची आठवणसुद्धा नव्हती हो, माझ्या डोक्यात त्या पुस्तकाचा फक्त आनंद राहिला होता. तेव्हापासून मी तिसरा प्रश्न विचारते, "सध्या काय वाचायचं नाहीये?" लोक सांगतात. आजारपण नको, घटस्फोट नको, ऑफिस नको, परीक्षेचा ताण नको. हा प्रश्न तुम्हीही शिफारस देताना विचारा आणि घेताना स्वतःहून सांगा, त्यात संकोच करू नका.

आता कुणाचं ऐकायचं ते. शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे या, म्हणजे मी काय म्हणते ते दिसेल. काउंटरवर माझ्या डाव्या हाताला परत आलेल्या पुस्तकांचा ढीग असतो, अजून कपाटात लावायचा असलेला. नवीन आलेली पुस्तकं समोर काचेच्या कपाटात छान मांडलेली असतात, पुठ्ठे चकचकीत, पण जुनेजाणते सभासद आधी या ढिगाकडे वळतात. मान तिरकी करून नावं वाचतात, एखादं ओढून काढतात, मागचं पान उघडून तारखांचा कागद बघतात. त्या कागदावर लागोपाठ तारखांचे शिक्के दिसले की पुस्तक फिरतंय हे कळतं. पण माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे असतं. तारखा जवळजवळ असतील, म्हणजे पुस्तक चार-सहा दिवसांत परत येतंय, तर एकतर लोक झपाट्याने वाचतायत नाहीतर टाकून देतायत. आणि तीन तीन आठवड्यांच्या अंतराने, मुदत वाढवून वाढवून परत येणारं पुस्तक असेल तर ते कुणीतरी रेंगाळत वाचलंय. असं पुस्तक दिसलं की मी सभासदाला हळूच सांगते, हे बघा.

आणि त्या ढिगापाशीच ओळखी होतात. "हे कसंय हो?" असं एकाने विचारलं की दुसरा थांबतो, पिशवी खाली ठेवतो आणि सुरू होतो. कळव्याहून येणारे एक निवृत्त आजोबा आहेत, ते पुस्तकात पेन्सिलीने काही लिहीत नाहीत (मी लिहू देत नाही), पण वहीच्या कागदाची चिठ्ठी करून आत ठेवतात. एकदा मला सापडलेली चिठ्ठी अशी होती, 'पहिली ८० पानं संथ आहेत. बाजारात आग लागते तिथपर्यंत धीर धरा. रात्री सुरू करू नका.' इतकंच. ना कथानक सांगितलं, ना कौतुकाचे शब्द. मी ती चिठ्ठी काढली नाही. त्या पुस्तकाला आधी वर्षभर कुणी हात लावला नव्हता, चिठ्ठीनंतर ते ७ जणांकडे जाऊन आलं आणि एका बाईंनी त्याच चिठ्ठीच्या मागे लिहिलं, 'आग १०४ पानावर आहे, पण वाट बघण्यासारखी.' शिफारस कशी लिहावी असं मला कुणी विचारलं तर मी ही चिठ्ठी दाखवते. कुठे अडखळाल, कुठे पकड येईल, कोणत्या वेळी वाचा. 'अप्रतिम', 'निःशब्द', 'प्रत्येकाने वाचावंच असं' यातून वाचकाच्या हाती काही लागत नाही.

तुम्ही तुमच्यापुरते ३-४ वाचक हेरून ठेवा. हेरायचे कसे, तर तुम्ही दोघांनीही वाचलेलं एखादं पुस्तक काढायचं आणि त्यावर बोलायचं. त्याला ते आवडलं की नाही याला तितकंसं महत्त्व देऊ नका, तो त्याबद्दल काय बोलतो ते ऐका. नुसतं कथानक सांगत सुटला तर त्याच्याकडून तुम्हाला फार मिळणार नाही. पण "मला त्या सासूचं एक वाक्य अजून आठवतं" असं काही निघालं, आणि ते वाक्य तुम्हालाही आठवत असेल, तर तो माणूस सोडू नका. आणि एक गंमतीची पण अगदी कामाची गोष्ट, एखादा असा वाचकही धरून ठेवा ज्याची आवड तुमच्या बरोब्बर उलटी आहे. आमच्याकडे दोन मैत्रिणी आहेत, बालपणापासूनच्या, दोघी घंटाळीला राहतात, एकीला जे कंटाळवाणं वाटतं ते दुसरीला हमखास आवडतं. त्या एकमेकींना विचारतात, "तुला कुठलं आवडलं नाही सांग." बारा-तेरा वर्षं असं चाललंय आणि दोघींचं उत्तम चाललंय.

ऑनलाइन शिफारशींबद्दल ताईंनी वेगळं विचारलंय. त्याचं यंत्र कसं चालतं ते साधं आहे. ज्यांनी हे पुस्तक घेतलं त्यांनी आणखी काय काय घेतलं, याची जोडणी दुकानाचा कॉम्प्युटर लावतो आणि ज्या जोड्या वारंवार दिसतात त्या तुम्हाला दाखवतो. पुस्तकाच्या आत काय आहे हे त्या हिशोबाला माहीत असायची गरजच नसते. त्यामुळे जे आधीच खूप खपतंय तेच पुन्हा पुन्हा वर येतं आणि ज्याची खरेदीच कमी झालीय ते कुणाच्या जोडीला लागत नाही. इंग्रजीत वाचक प्रचंड, त्यामुळे तिथे असल्या जोड्या बऱ्यापैकी जमतात. मराठी पुस्तकाची आवृत्ती हजाराची, हल्ली तर बऱ्याचदा पाचशेची, त्यातली बरीचशी वाचनालयांत आणि प्रदर्शनांत जातात, त्यांचा तो कॉम्प्युटर हिशोब ठेवणार कसा? म्हणून मराठी शोधताना तुमच्यासमोर तीच पाच-सहा नावं येत राहतात आणि बाकीचं साहित्य आहे की नाही असं वाटायला लागतं. आहे हो, भरपूर आहे, माझ्या मागच्या कपाटात आहे.

ऑनलाइन अभिप्रायांतल्या चांदण्यांचं म्हणाल, तर ४ आणि ५ चांदण्यांचे अभिप्राय मी वगळून टाकते. २ आणि ३ वाल्यांचे वाचते. तिथे माणूस कारण देतो. "फारच संथ, पानंच्या पानं नुसतं शेताचं वर्णन" असं कुणी वैतागून लिहिलं असेल तर ज्याला शेताचं वर्णन हवंय त्याच्यासाठी ही शिफारसच झाली. "बोलीभाषा खूप, समजायला वेळ लागतो" वाचलं की मला उलट हुरूप येतो. "शेवट अर्धवट सोडलाय" हेही. नावडल्याचं कारण आणि आवडल्याचं कारण बरेचदा एकच असतं, वाचणारा बदलतो फक्त.

आता एक वाट सांगते जी नवी मुंबईत राहणाऱ्यांना आमच्यापेक्षा सोपी आहे. तुमच्या मजल्यावर कन्नड, मल्याळी, बंगाली, तमिळ घरं असतील. त्यांना विचारा, तुमच्या भाषेतलं असं कुठलं पुस्तक आहे जे तुमच्या आईने वाचलं, तुम्ही वाचलं आणि घरात त्यावर वाद झाला? उत्तर देताना माणसं फुलतात बघा. मग ते मराठीत आलंय का ते आम्हाला विचारा. साहित्य अकादमी आणि नॅशनल बुक ट्रस्ट या दोन्ही संस्थांनी दुसऱ्या भारतीय भाषांमधली कितीतरी पुस्तकं मराठीत आणलीत, ट्रस्टची तर त्यासाठी 'आदान-प्रदान' नावाची मालाच आहे, किंमतीही परवडणाऱ्या. आणि अनुवादक धरून वाचायची सवय लावा. माझ्याकडे कन्नड लेखक भैरप्पांच्या कादंबऱ्या मागणारे खूप येतात, त्या कन्नडमधून मराठीत आणल्या उमा कुलकर्णींनी. त्यांचे पती विरूपाक्ष कन्नड पुस्तक वाचून दाखवायचे आणि त्या मराठीत उतरवायच्या, आणि विरूपाक्ष स्वतः मराठी पुस्तकं कन्नडमध्ये न्यायचे, असं दोघांनी मिळून आयुष्यभर काम केलं. भैरप्पा वाचून झाले की लोक विचारतात आता काय, तेव्हा मी सांगते, लेखक सोडा, उमाताईंनी आणखी काय अनुवाद केलंय ते बघा. तिथून माणूस कन्नडमधल्याच शिवराम कारंतांकडे जातो, आणि कारंत म्हणजे वेगळंच जग. अनुवादक हा सगळ्यात चोखंदळ वाचक. एका पुस्तकाला तो आयुष्यातलं वर्ष-दोन वर्षं देतो, मग त्याची निवड ही केवढी मोठी शिफारस झाली!

तसंच लेखकसुद्धा वाचकच की. पुस्तक आवडलं तर लगेच मिटू नका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, शेवटची संदर्भसूची असली तर ती, हे सगळं वाचा. त्यात लेखकाने कुणाची पुस्तकं वाचून हे लिहिलं ते सापडतं. एका तरुण सभासदाने मी सांगितल्यावर असं एका संदर्भसूचीवरून सुरू केलं आणि दोन वर्षं तो गिरणगावावरच वाचत होता, एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. लालबागला त्याच्या आजोबांची चाळ होती, ती गोष्ट त्याने मला सहाव्या की सातव्या पुस्तकाच्या वेळी सांगितली.

दिवाळी अंक हा तर आपला खास मराठी मार्ग. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा चालू आहे. बहुतेक वाचनालयांची दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी असते, एकदा पैसे भरले की दोन-तीन महिने अंक फिरवून फिरवून वाचता येतात. मी नवीन वाचकांना सांगते, एक अंक घ्या, ज्या लेखकाचं नाव कधी ऐकलं नाही त्याचीच कथा आधी वाचा. बारा-पंधरा पानांत कळतं की या माणसाचं आपल्याशी जमेल का. जमलं की नाव मागच्या पानावर लिहून ठेवा, मग पुस्तक शोधा. ३०० पानांची कादंबरी विकत घेऊन पस्तावण्यापेक्षा हे किती बरं. शिवाय संपादकाने वर्षभर वाचून निवडलेलं असतं ते, म्हणजे तीही एका वाचकाचीच शिफारस. पुस्तकांची खबर ठेवायची तर 'ललित' मासिक आहे, १९६४ पासून निव्वळ पुस्तकांबद्दल बोलणारं मासिक आपल्या भाषेत निघतंय याचं मला फार अप्रूप वाटतं, जुने अंक कुठे मिळाले तर जरूर चाळा, विसरली गेलेली नावं त्यात भरपूर आहेत.

प्रदर्शनात जाता तेव्हाही नुसती पुस्तकं बघू नका. ठाण्यात २०१० च्या डिसेंबरात ८४ वं साहित्य संमेलन झालं तेव्हा मी ग्रंथप्रदर्शनात तिन्ही दिवस गेले होते, भाषणं माझी बरीचशी हुकली. मी स्टॉलच्या कडेला उभी राहून लोक काय उचलतात आणि काय परत ठेवतात ते बघत होते. एक खेड्यातले गुरुजी, पायात चपला, खांद्याला शबनम, एकच कवितासंग्रह चार वेळा उचलून खाली ठेवत होते, शेवटी घेतला. मी पण घेतला. तो आजही माझ्या घरी आहे आणि दर पावसाळ्यात बाहेर येतो.

ट्रेनबद्दल सांगायलाच हवं, कारण ताई ट्रान्स हार्बरनेच जात असणार. माझी एक सभासद रोज ठाण्याहून वाशीला जाते, लेडीज डब्यात. समोर रबाळेला उतरणारी एक मुलगी रोज पुस्तक वाचत बसायची. ही कितीतरी दिवस फक्त पुठ्ठे बघायची. मग एक दिवस हिने आपल्या पिशवीतलं पुस्तक काढून मांडीवर मुद्दाम उताणं ठेवलं, नाव दिसेल असं. रबाळे येईपर्यंत दोघींचं बोलणं सुरू झालं होतं. आता त्यांचा नियम आहे, सोमवारी एक पुस्तक द्यायचं, आणि देताना फक्त एक पान वाचून दाखवायचं, आपल्या आवडीचं, सांगायचं काहीच नाही. ठाणे ते रबाळे वेळ तो किती, पण एक पान होतं. हा 'एक पान वाचून दाखवणे' प्रकार मला इतका आवडला की आम्ही तो वाचनालयात महिन्याच्या शेवटच्या रविवारी सुरू केला. सहा-सात जण येतात, प्रत्येकाने एक पुस्तक आणायचं, एक पान वाचायचं, मग दोन मिनिटं, कुणाला हे आवडणार नाही एवढं सांगायचं. हो, आवडणार नाही ते. "ज्यांना भराभर घडामोडी लागतात त्यांनी घेऊ नका." आणि मग पुस्तकं टेबलावर ठेवायची, ज्याला हवं तो उचलतो. तुमच्या सोसायटीत चार जणी मिळाल्या तरी हे करता येतं, चहा ठेवा आणि बसा. घोडबंदरच्या एका सोसायटीत वॉचमनच्या केबिनशेजारी एक जुनं कपाट ठेवलंय पुस्तकांसाठी, तिथे नुसती पुस्तकं ठेवली होती तेव्हा काही हललं नाही, आत चिठ्ठ्या घालायला सुरुवात केली तेव्हा हलायला लागलं.

आता एक कळकळीची विनंती. शिफारशीवरून पुस्तक वाचलंत की सांगणाऱ्याकडे परत जा आणि कसं वाटलं ते सांगा. हे लोक करत नाहीत. पुस्तक परत देतात, "छान होतं" म्हणतात, आणि जातात. "छान होतं" वरून मी काय समजू? आवडलं नसेल तर अगदी स्पष्ट सांगा, मला त्याचं वाईट वाटत नाही, उलट पुढच्या वेळी माझा हात बरोबर कपाटाकडे जातो. ज्या सभासदांना मी आज डोळे मिटून पुस्तक देऊ शकते ते सगळे असे आहेत ज्यांनी मला आधी पाच-सहा वेळा तोंडावर सांगितलंय की हे जमलं नाही. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयाची ५ सूत्रं मांडली, त्यात 'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक' आणि 'प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक' अशी दोन आहेत, आम्हाला शिकताना तोंडपाठ करायला लावायचे. दुसरं मला तेव्हा नुसतं पहिल्याचं उलटं वाक्य वाटायचं. काउंटरवर बसल्यावर कळलं की ते वेगळंच काम आहे, कपाटात धूळ खात पडलेल्या पुस्तकाच्या बाजूने विचार करायचा, की याला कोण भेटेल? आणि ते फक्त वाचकांनी मला परत येऊन सांगितलं तरच जमतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ फिरतात त्यांचं एवढंच सांगते की नका घेऊ. पाचशे प्रतींच्या आवृत्तीत पन्नास प्रती कमी खपल्या तर प्रकाशक त्या लेखकाचं पुढचं पुस्तक काढताना दहा वेळा विचार करतो. विकत परवडत नसेल, किंवा जुनं पुस्तक छापणंच बंद झालं असेल, तर वाचनालय आहे की. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे, वि. ल. भाव्यांनी सुरू केलेलं, बाजारात न मिळणारी कितीतरी पुस्तकं तिथे आहेत. आमच्यासारख्या छोट्या वाचनालयात नसेल तर मागणीच्या वहीत नाव लिहा. ती वही आम्ही खरंच वाचतो, खरेदीच्या वेळी तीच समोर घेऊन बसतो. आणि वहीत नाव लिहिताना शेजारी 'कुणी सांगितलं' हेही लिहिलंत तर फार बरं, आमच्या वहीत मी तो रकाना स्वतः आखलाय, त्यात 'नणंद', 'रिक्षावाले दादा', 'डॉक्टरांच्या टेबलावर पाहिलं' असं काय काय लिहिलेलं असतं.

तर ऐरोलीच्या ताई, तुमच्यापुरतं. ती उशाशी पडलेली पाच पुस्तकं तिथून हलवा आधी, रोज झोपताना ती नजरेला पडतात आणि उगाच अपराधी वाटतं. हॉलमध्ये ठेवा किंवा कुणाला द्या, सोसायटीत विचारा, डोंबिवलीला पुस्तक आदानप्रदान भरतं तिथे न्या. प्रत्येक पुस्तक कितव्या पानावर सुटलं ते मात्र देण्याआधी कागदावर लिहून घ्या, आणि तिथे काय चाललं होतं तेही. हा कागद मला हवाय. दहा वर्षांपूर्वी जे आवडायचं तेच आता आवडेल असं धरून चालू नका, आई झाल्यावर, नोकरीत मुरल्यावर आवड सरकते, मी स्वतः पस्तिशीत रहस्यकथा सोडल्या आणि पन्नाशीत परत धरल्या. सुरुवातीला छोटं काहीतरी घ्या, शंभर-सव्वाशे पानांचं, ऐरोली ते ऑफिस आणि परत अशा आठवड्याच्या फेऱ्यांत होईल असं. ५० पानांपर्यंत नाही जमलं तर बिनधास्त सोडा.

आणि एक राहिलं. तुमच्या मेसेजमध्ये न वाचलेल्या पाचही पुस्तकांची नावं आहेत, पण जे एक पूर्ण झालं त्याचं नाव तुम्ही लिहिलंच नाहीत. मला तेच हवंय. ते कुठे बसून वाचलंत, किती दिवसांत, आणि संपल्यावर कुणाला सांगावंसं वाटलं का, एवढं कळवा. सोमवारी आम्ही बंद असतो, मंगळवारी संध्याकाळी ५ नंतर मी काउंटरवर आहे.